माधुकरीची झोळी आणि सोसायटीचा फ्रीज

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तप्रभू कोल्हापुरात भिक्षा घेतात आणि माहूरला निद्रा करतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्यांना काहीच कमी नाही, ते रोज झोळी घेऊन का फिरतात? माझ्या अल्पमतीला वाटतं ते असं : देणाऱ्याला सवय लागावी आणि घेणाऱ्याची लाज जावी.

माधुकरीचे नियम पाहा. मधमाशी प्रत्येक फुलातून थोडं थोडं घेते, तशी भिक्षा पाच घरची. एका घरावर भार नाही. शिवाय ती घरच्यांच्या जेवणाआधी वाढायची, उरलंसुरलं नव्हे. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाघरी दाणा नव्हता. त्याने दारच्या घेवड्याच्या शेंगा शिजवून महाराजांना वाढल्या. वेलाखाली सापडलेला द्रव्याचा कुंभ सगळ्यांच्या ध्यानात राहतो. पण आधी ती भाजी आहे. घरचे जे खाणार, तेच अतिथीच्या पानात पडलं.

माझे वडील पुण्यात वार लावून शिकले. सात वार, सात घरं. बुधवारच्या घरी त्यांचं पान घरच्या मुलांच्या पंगतीतच मांडत, हे ते म्हातारपणीही सांगत. तिथे काय जेवले, ते मात्र त्यांना आठवत नसे.

आमच्या पनवेलच्या सोसायटीत गेटजवळ सर्वांसाठी फ्रीज ठेवावा, असा विषय निघाला आहे. कल्पना नवी नाही. कोचीत २०१६ साली मिनू पॉलिन या हॉटेल चालवणाऱ्या बाईंनी दाराबाहेर असा फ्रीज ठेवला. नाव दिलं ‘नन्मा मरम’, म्हणजे चांगुलपणाचं झाड. कोणीही ठेवावं, कोणीही न्यावं. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली आणि समारंभात उरलेलं चांगलं अन्न भुकेल्यांपर्यंत नेलं.

सभेत हरकत आली, “लोक शिळंपाकं आणून टाकतील.” हरकत रास्त आहे. तिचं उत्तर माधुकरीतच सापडतं, म्हणून हे नियम सुचवतो :

१. स्वयंपाक झाला की आधी वाटा काढावा, मग जेवायला बसावं.
२. डब्यावर पदार्थाचं नाव, तारीख, वेळ लिहावी. आम्हा बँकवाल्यांना नोंदीशिवाय व्यवहार पटत नाही.
३. फ्रीजचं तापमान ५ अंशांच्या आत असावं. भात, वरण तासन्‌तास बाहेर राहिलं असेल तर ठेवूच नये.
४. रोज एका घराने फ्रीज पुसून जुनं काढावं. सात वार, सात घरं.
५. नेणाऱ्याचं नाव विचारू नये, फोटो काढू नये. खातेदार पैसे काढायला आला की “कशाला हवेत?” असं आम्ही कधी विचारलं नाही.

या फ्रीजमधून आमचा वॉचमन नेईल, घरकामाच्या मावशी नेतील, कधी एकटे राहणारे आजोबाही नेतील. सुनेला बरं नसेल त्या दिवशी मीही नेईन. देणारा कोण, घेणारा कोण, हे रोज बदलेल.

दत्तजयंतीच्या प्रसादातला पहिला वाटा यंदा त्या डब्यात जावा, एवढीच प्रार्थना.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥