इंजिन बदलण्यापूर्वी

गेवराई तालुक्यातील आमच्या तलवाड्यात ज्याच्या दारी पिकअप उभी आहे, त्याला वेचणीच्या हंगामात कापूस जिनिंगपर्यंत नेण्यासाठी, पावसाळा सरल्यावर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचे बिऱ्हाड हलविण्यासाठी आणि एरवी खत, पेंड, सिमेंट व पत्रे आणण्यासाठी इतकी बोलावणी येतात की, वाहनाच्या प्रकृतीकडे पाहण्यास मालकाला सवड उरत नाही. मग एके दिवशी भरलेली गाडी चढावर दम टाकते, पाठीमागे धुराचा लोट सोडते, आणि ‘आता मोठे इंजिनच बसवू’ हा विचार घरातील तरुण मंडळींच्या मनात उत्पन्न होतो. आमच्या घरी तो माझ्या पुतण्याला सुचला. गाडी माझ्या नावे असल्याकारणाने त्याला मंजुरी देणे अथवा नाकारणे माझ्याकडे आले, आणि मी एवढीच अट घातली की, जे काही करावयाचे ते अंगणात करून, अंगणातच पारखून पाहावे आणि माझी खात्री पटेपर्यंत गाडी फाटकाबाहेर काढू नये. त्या खटाटोपातून जे पदरी पडले, ते अशाच विचारात असलेल्या इतर मालकांपुढे ठेवीत आहे.

या विचाराला आपल्याकडे परंपरा नाही असे नाही. विलिसच्या धर्तीवर महिंद्रांनी बांधलेल्या जुन्या जीपगाड्या पेट्रोलवर चालत. तो खर्च परवडेनासा झाल्यावर कित्येक मालकांनी त्यांत डिझेल इंजिने बसवून घेतली, आणि पुढे कंपनीनेही प्यूजोच्या रचनेचे डिझेल इंजिन घातलेल्या जीपगाड्या विकल्या. त्या पिढीच्या मिस्त्रींची विद्या खरोखर अव्वल दर्जाची होती, आणि आमच्या मिस्त्रीने ‘बसंल की गुरुजी, न बसायला काय झालं?’ असे जे निःशंकपणे म्हटले, ते त्याच विद्येच्या भरवशावर. परंतु त्या काळच्या इंजिनाला डिझेल, हवा, पाणी आणि ऑइल एवढेच लागत असे. आजचे कॉमन रेल इंजिन आपला संगणक, आपली सेन्सरे आणि आपले संपूर्ण वायरिंग यांच्यावाचून एक श्वासही घेत नाही, म्हणून भंगारवाल्याकडून नुसता लोखंडी सांगाडा घेऊन येणाऱ्याची फसगत ठरलेलीच असते. हे जाणून पुतण्याने जुन्या यांत्रिक पंपाचे, परंतु टर्बो असलेले इंजिन निवडले. आमचे मूळचे इंजिन टर्बोविना होते.

येथे पहिला सल्ला असा की, इंजिनावर ठपका ठेवण्यापूर्वी त्याची रीतसर चौकशी करावी. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, म्हणजे रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हचे सील यांच्याकडे बोट दाखवितो. काळा धूर बहुधा कोंदलेल्या एअर फिल्टरची अथवा बिघडलेल्या नोझलची तक्रार असते. आणि इंजिन चालू असता ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर तेथून धुराचे लोट निघाले, तर कम्प्रेशन खाली गळत आहे असे समजावे. घसरणारी क्लच प्लेट आणि चाकाला चिकटून राहिलेले ब्रेक हेही गाडीचा जोर खातात, आणि त्यांचा दोष इंजिनाच्या माथी मारला जातो. कम्प्रेशन गेजने चारही सिलिंडर तपासून आकडे वहीत लिहावेत, मगच पुढला विचार करावा.

दुसरा सल्ला जिवाच्या सुरक्षिततेचा. चार सिलिंडरचे डिझेल इंजिन सुमारे दोन क्विंटलांचे धूड असते. ते लिंबाच्या फांदीला दोर बांधून उतरविण्याचा प्रघात खेड्यांतून दिसतो, तो सर्वथा त्याज्य मानावा. लोखंडी पाइपांची भक्कम तिकाटी आणि एक टनाची चेन-कप्पी भाड्याने मिळते, ती आणावी. बॅटरी आधी सोडवावी, पाणी व ऑइल काढून घ्यावे, आणि लोंबकळत्या इंजिनाखाली हात किंवा पाय क्षणभरही जाऊ देऊ नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हेही तितकेच वर्ज्य. घोड्या लावल्यावाचून कोणी खाली जाऊ नये.

इंजिन चेसिसवर टेकले, तेव्हा खरी गणिते सुरू झाली. क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट यांचा अक्ष तंतोतंत एक असावा लागतो. मधली जोडपट्टी केसभर जरी सरकली, तरी पायलट बेअरिंग, क्लच आणि शेवटी गिअरबॉक्स असा तो दोष पुढे सरकत जातो, म्हणून ती पट्टी अंदाजाने गॅसकटिंग करून न घेता चांगल्या लेथवर मापाने करून घ्यावी. वाढलेला टॉर्क क्लच, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, डिफरेन्शियल आणि आक्सल यांच्यावर क्रमाने वसूल होतो. म्हाताऱ्या जोडीदाराशेजारी जवान बैल जुंपला म्हणजे औत जसे एका अंगाला ओढते आणि जू मोडते, तशी त्या बिचाऱ्या जुन्या भागांची गत होते.

परंतु आमचा निर्णय ज्याने फिरविला तो भाग गती देणारा नसून गती रोखणारा होता. डिझेल इंजिनाला पेट्रोल इंजिनासारखी हवा अडविणारी थ्रॉटलची झडप सहसा नसते. त्यामुळे ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनातून आपोआप न मिळता वेगळ्या पंपाकडून घ्यावा लागतो, आणि अनेक गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीशी जोडलेला असतो. आणलेल्या इंजिनावरील अल्टरनेटर पंपाविना होता. इंजिन पहिल्याच प्रयत्नात झकास सुरू झाले, सर्वांचे चेहरे उजळले, आणि मी केबिनमध्ये बसून ब्रेकवर पाय ठेवला तो पेडल दगडासारखे! अंगणात ते कळले म्हणून ठीक; भरल्या गाडीनिशी त्वरितादेवीच्या टेकडीवरून उतरताना कळले असते तर त्याची कैफियत कोण देणार होते? यासाठी एक साधी परीक्षा प्रत्येकाने करावी: इंजिन बंद असता पेडल कडक होईतो पाचसहा वेळा दाबावे, दाबून धरूनच इंजिन सुरू करावे, पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करीत आहे, न गेले तर गाडी हलवू नये. शिवाय वेग चाळीसचा साठ झाला म्हणजे दीडपट होतो, पण ब्रेकांना जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते, हे ध्यानी ठेवावे.

उष्णतेचा हिशेबही असाच. डिझेलच्या ज्वलनातील स्थूलमानाने एक तृतीयांश शक्ती चाकांच्या कामी येते. उरलेली सायलेन्सर व रेडिएटर यांच्यावाटे बाहेर टाकावी लागते. जुना रेडिएटर तसाच ठेवून इंजिन वाढविले, तर मराठवाड्याच्या वैशाखात हेड गॅस्केट जाण्यास विलंब लागत नाही. त्यात बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे ओतलेले असेल तर नळ्या आधीच क्षारांनी बुजलेल्या असतात; म्हणून शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंटच वापरावे. टर्बो असल्यास त्याच्या ऑइलची परतीची नळी उताराची ठेवावी, आणि ओझे ओढून आल्यावर इंजिन मिनिटभर मंद चालवून मग बंद करावे.

राहिला दप्तराचा प्रश्न, तो वस्तुतः सर्वांत आधी सोडविण्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निर्णयात ही मर्यादा स्पष्ट केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा फेरफारास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन बदलून घालावयाचे असले तरी बीडच्या परिवहन कार्यालयात आधी अर्ज करावा, खरेदीची पावती व ज्या गाडीचे ते इंजिन आहे तिच्या कागदांची नक्कल जवळ ठेवावी, आणि नवा इंजिन नंबर आरसी बुकात चढवून घ्यावा. आठ वर्षांवरील मालवाहू वाहनाचे पासिंग दरवर्षी होते. तेथे नंबर जुळला नाही तर गाडी अडते, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला हरकत घेण्यास सबब मिळते.

सबब आम्ही ते इंजिन ज्याचे त्याला परत केले, आणि मूळचेच उघडून त्याला लायनर, पिस्टन, रिंगा व बेअरिंगे नवी घातली, हेड तपासून घेतले, नोझल व पंप टेस्ट बेंचवर लावून आणले, रेडिएटर साफ केला आणि ब्रेकचे लायनर बदलले. गाडी आता चढ चढते. टर्बोच्या ऐटीने नव्हे, पण धूर न सोडता. माझा सल्ला असाच क्रम धरण्याचा: आधी ब्रेक, मग थंडावा, मग कम्प्रेशन. एवढे करूनही ज्याचे भागत नाही, त्याने जड कामाची मान्यता असलेले वाहनच घ्यावे. कारण चेसिस, पाटे आणि आक्सल तेच राहतात, आणि इंजिन कितीही थोर बसविले तरी आरसी बुकातील भारक्षमता एका किलोनेही वाढत नाही.