एसी बंद करून परत लावला तर बिल वाढतं का?

जुलैमध्ये पुण्याहून, नाशिकहून आई-बाबा फ्रिस्कोला येतात आणि आठवड्याभरात थर्मोस्टॅटवरून वाद सुरू होतो. बाहेर पडताना बाबा सवयीने एसी बंद करतात. मुलगा किंवा सून म्हणते, "बाबा, राहू द्या, घर परत थंड करायला दुप्पट वीज लागते." हे वाक्य मी इथल्या इतक्या मराठी घरांत ऐकलंय की त्याचा हिशोब एकदा मांडावासा वाटला. बाबांचं बरोबर आहे. पण पूर्ण बरोबर नाही.

तळाशी बारीक भोक असलेला माठ डोळ्यासमोर आणा. माठ काठोकाठ भरलेला असेल तर पाणी जोरात गळतं, पातळी खाली गेली की धार मंदावते. दिवसभर माठ भरलेलाच ठेवायचा तर जास्त पाणी ओतावं लागतं. पातळी उतरू दिली आणि संध्याकाळी एकदम भरला, तर तेव्हा बरंच ओतावं लागतं हे खरं, पण एकूण कमीच. घराचा थंडावा तसाच गळतो. भिंतींमधून आत येणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानांच्या फरकाच्या प्रमाणात असते.

समजा सकाळी ९ ते संध्याकाळी ५ बाहेर सरासरी ९५ अंश फॅरनहाइट आहे आणि आत ७५. फरक २० अंशांचा. आता थर्मोस्टॅट ८२ वर नेला आणि घर तिथवर तापायला चार तास लागले, तर आठ तासांत आतली सरासरी साधारण ८० येते, फरक १५ चा. म्हणजे त्या वेळातली गळती सुमारे पाव हिश्शाने कमी. मग बिलही पाव हिश्शाने कमी होईल का? नाही. काचांमधून येणारं ऊन, फ्रीज, गॅस, माणसं यांची उष्णता आतल्या तापमानावर अवलंबून नसते, आणि उरलेले सोळा तास तर नेहमीसारखेच. म्हणूनच अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं ते जास्त पटण्यासारखं आहे: रोज ८ तास ७ ते १० अंशांचा बदल ठेवला तर गरम-थंड करण्याच्या खर्चात वर्षाला १० टक्क्यांपर्यंत बचत.

मग पूर्ण बंद का नको? कारण टेक्सास. इथल्या बहुतेक घरांत एसीचे डक्ट माळ्यावरून, म्हणजे अ‍ॅटिकमधून जातात, आणि ऑगस्टमधल्या दुपारी तो माळा भट्टीसारखा तापलेला असतो. शिवाय भिंती, फरशी, गाद्या सगळंच तापून बसलं की संध्याकाळी हवा थंड झाली तरी भिंत अंगावर उष्णता टाकत राहते, आणि तुम्ही वैतागून ६८ दाबता. त्याने घर लवकर थंड होत नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकतर चालू असतो नाहीतर बंद. ७६ लावा की ६८, वेग तोच, फक्त थांबायची जागा पुढे जाते. थर्मोस्टॅटला गॅसच्या शेगडीचं बटण समजण्याची ही चूक आपलीच नव्हे. विलेट केम्प्टन यांनी १९८६ साली मिशिगनमधल्या लोकांशी बोलून नेमकं हेच नोंदवलं होतं.

वेळेचाही प्रश्न आहे. ६ सप्टेंबर २०२३ ला संध्याकाळी सूर्य कलला, सौर वीज घटली, घराघरांतले एसी चालूच होते, आणि अर्कॉटला आणीबाणीची दुसरी पातळी जाहीर करावी लागली. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळानंतर पहिल्यांदाच. म्हणून मी घर सहाला नव्हे, चारपासूनच थंड करायला लावते. फ्रिस्कोच्या काही भागात कोसर्व्ह ही सहकारी संस्था वीज देते. इतरत्र तारा ऑन्कॉरच्या आणि वीज आपण निवडलेल्या कंपनीची. तुमच्या प्लॅनमध्ये रात्रीची वीज फुकट असेल तर झोपताना एक-दोन अंश जास्त थंड करून ठेवणं फायद्याचं.

एक कबुली. प्रोग्रॅम करता येणारे थर्मोस्टॅट घेऊन लोक ते प्रोग्रॅम करतच नाहीत, किंवा 'होल्ड' दाबून विसरतात. बचत दिसेना, म्हणून २००९ च्या अखेरीस एनर्जी स्टारने त्यांना दिलेली मान्यता थांबवली होती. तेव्हा चारच वेळा लावा: उठताना ७६, निघताना ८२, दुपारी चारला ७६, झोपताना ७७.

आई-बाबा घरीच असतील तर मात्र ८२ विसरा. बचतीपायी म्हाताऱ्या माणसांना उकाड्यात ठेवायचं नाही. ७८ आणि छताचा पंखा यावर बहुतेकांचं छान भागतं. पंख्यामुळे सुमारे ४ अंश जास्त तापमानही तितकंच सुखद वाटतं. भारतात २०२० पासून नवे एसी २४ सेल्सिअसवर लावूनच येतात, म्हणजे ७५ फॅरनहाइट. त्यामुळे आपल्या ७२ मध्ये आई शाल घेऊन बसते यात नवल नाही. पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही; खोली रिकामी असेल तर बंद करा. आणि थर्मोस्टॅटवरचा एसीचा 'फॅन' ऑनवर नको, ऑटोवर ठेवा. ऑनवर ठेवला की कॉम्प्रेसर थांबल्यावर कॉइलवरचं पाणी वाफ होऊन परत घरात येतं आणि दमट वाटतं.

हिवाळ्यात गॅसची फर्नेस असेल तर हेच गणित उलटं लावा. हीट पंप असेल तर सकाळी एकदम ६ अंश वाढवू नका, जोडीची विजेची हीटर पट्टी चालू होते आणि ती दोन-तीन पट वीज खाते. थर्मोस्टॅटवर 'ऑक्स' अक्षरं दिसली तर समजा, ती चालू झाली.