डोळ्यातलं इंजेक्शन: दासगावहून निघण्याआधीचा हिशेब

आईला गरोदरपणी टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची लागण झाली, तर बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर व्रण राहू शकतो. मांजराच्या विष्ठेने दूषित झालेली माती-पाणी किंवा नीट न शिजलेलं मटण, ही त्याची नेहमीची वाट. पुष्कळदा जन्मतः कुणाच्या लक्षात येत नाही. मूल शाळेत फळा वाचताना मान वाकडी करतं, एक डोळा तिरळा दिसतो, तेव्हा कळतं. काही मुलांत वर्षांनंतर त्या जुन्या व्रणाच्या कडेला कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, पाणी-रक्त झिरपतं आणि सरळ रेघ वाकडी दिसू लागते. डॉक्टर इंजेक्शन सांगतात ते बहुधा यासाठी.

बहुधा, कारण व्रणाशेजारी संसर्गच पुन्हा उफाळला असेल तर उपाय वेगळा: मुख्यतः गोळ्या, कधी डोळ्यात क्लिंडामायसिनचं इंजेक्शन. ते औषध स्वस्त आहे. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, ‘इंजेक्शन रक्तवाहिन्यांसाठी की संसर्गासाठी?’

रक्तवाहिन्यांसाठीच्या औषधांत भावाचा फरक मोठा आहे. बेव्हॅसिझुमॅब हे मूळचं कर्करोगाचं औषध. १०० मिलिग्रॅमच्या कुपीतून डोळ्याला लागतात सव्वा मिलिग्रॅम, म्हणून एक कुपी अनेक रुग्णांत विभागतात आणि खर्च साधारण पाच-दहा हजारांत बसतो. पण विभागणी निर्जंतुक जागीच व्हायला हवी. तिथे हयगय झाली तर डोळ्यात जंतुसंसर्ग होतो. ही विभागणी कुठे होते, हे विचारायला संकोच नको. रॅनिबिझुमॅबचं देशी रूप त्याहून महाग, आणि परदेशी कंपनीचं रॅनिबिझुमॅब किंवा अफ्लिबरसेप्ट घेतलं तर एकेका टोचणीला वीस हजार आणि पुढे. महाग औषधच मुलाला हवं असं नाही. डॉक्टरांना कारण विचारा.

टोचणी क्षणाची असते. बधिर करणारे थेंब, आयोडीनने धुणं, पापण्यांना चिमटा, मग पांढऱ्या भागातून ०.०५ मिलिलिटर, थेंबभर. समजूतदार मोठं मूल हे सहन करतं. लहान मुलाला मात्र पूर्ण भूल लागते, आणि तिथे भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, रक्ततपासण्या असं मिळून बिल औषधापेक्षा वर जाऊ शकतं. शिवाय ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारी तपासणी, दर फेरीला होऊ शकते. म्हणून एका टोचणीचा भाव विचारू नका. किती टोचण्या, किती तपासण्या, भुलीसकट एकूण किती, हे लिहून मागा.

पडद्याचे डॉक्टर गाठायला दासगावहून पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते. जवळच्या वीर स्टेशनवरून दिवा-सावंतवाडी गाडी आहे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, म्हणजे आईबरोबर गेलं तर तेवढं वाचतं. पुण्याला जायचं तर पावसाळ्यात वरंध घाटावर भिस्त ठेवू नका. पुढच्या तारखा आधीच मागून घ्या, गणपती-शिमग्याच्या गर्दीत सापडू नयेत म्हणून. पण तारीख चुकवू मात्र नका.

पैशांसाठी आधी अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला भेटा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी ते मोफत करतात आणि पुढे पाठवतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची हेल्पलाइन १५५३८८. रुग्णालयातल्या या योजनेच्या आरोग्यमित्राला ‘हे इंजेक्शन आणि भूल दोन्ही बसतात का’ असं नेमकं विचारा, तेही दाखल होण्याआधी. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड जवळ असू द्या. मुंबईत जे.जे., केईएम ही सरकारी-पालिकेची दारं आहेतच.

एक गोष्ट डॉक्टरांकडून स्पष्ट ऐकून घ्या: व्रणाने गेलेली नजर इंजेक्शन परत आणत नाही, उरलेली वाचवू पाहतं. आणि टोचणीनंतरच्या आठवड्यात डोळा दुखू लागला, लाली वाढली, नजर मंदावली, तर सकाळच्या गाडीची वाट पाहू नका. त्या रात्री कुणाला फोन करायचा, तो नंबर रुग्णालयातून निघतानाच फाइलवर लिहून घ्या.