जपण्याची हौस जरा आवरा

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी गठ्ठ्यांवर वाकलेली आमच्यासारखी पिकली डोकी हमखास दिसतात. हल्ली त्यांत कॉलेजातली पोरंही असतात. माझी सध्याची ओढ दोन गोष्टींची: मराठी इंद्रजाल कॉमिक्स आणि लाखेच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या. माझ्या पाहण्यात या वस्तू हेळसांडीपेक्षा लाडानंच जास्त गेल्या. नव्यानं या नादाला लागलेल्यांसाठी म्हणून हे चार शब्द.

इंद्रजालचा पहिला अंक मार्च १९६४चा, वेताळाचा. मालिका १९९०मध्ये बंद पडली. दरम्यान मँड्रेक येऊन गेला आणि १९७६पासून आबिद सुरतींचा बहादूरही. वर्षाचे अंक एकत्र बांधून घेण्याची तेव्हा घरोघरी पद्धत होती. आमचेही बाइंडरकडे गेले. त्यानं कडा सारख्या दिसाव्यात म्हणून गठ्ठा मशिनवर कापला. वरच्या चौकटींतले संवादाचे फुगे अर्धे झाले, आणि गोविंद ब्राह्मणियांनी रंगवलेली मुखपृष्ठं ‘जाड कागद मध्ये येतो’ म्हणून काढून टाकली गेली. वर शिलाई इतकी घट्ट की मधला मजकूर वाचायचा तर पुठ्ठाच मोडावा लागतो. तेव्हा अंक सुटेच ठेवा. बांधलेला खंड हाती आलाच, तर तो उसवायच्या फंदात पडू नका.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणं हा दुसरा लाड. काही वर्षांत पट्टी गळून पडते, डिंक कागदात मुरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. फाटलं असेल तर तसंच राहू द्या. लॅमिनेशनचं तर नावच काढू नका. एकदा तापवून चिकटवलेलं प्लास्टिक कागदासकटच निघतं. हा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा. त्यातलं लिग्निन उजेडानं पिवळं पडतं आणि आम्लामुळे पान ठिसूळ होतं. वास मारणाऱ्या मऊ पीव्हीसी पिशव्या टाळा, पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या आणि मागे आम्लरहित पुठ्ठा घाला. पावसाळ्यात पिशवी हवाबंद करू नका, आत अडकलेल्या ओलीनं बुरशी धरते. मुंबई-कोकणात आधी गंजतात त्या पिना. गंजलेली पिन ओढली की कागदाचा तुकडा सोबत येतो. दोन्ही पाय आतून हळूच सरळ करा, मगच ती काढा.

तबकड्यांचं दुखणं वेगळं. एका स्नेह्यांनी वडिलांच्या वेळची नाट्यगीताची तबकडी स्पिरिटनं लख्ख पुसली. कापूस काळा झाला, तबकडीची चकाकी गेली आणि गाण्यावर खरखर बसली ती बसलीच. ७८ची तबकडी लाखेची असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार लाकडाला पॉलिश करतो ते चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवून! तबकडीला सॅनिटायझर किंवा स्क्रीन पुसायचं औषध लावणं म्हणजे तेच. धूळ मऊ ब्रशनं काढा. फारच मळली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, मधलं लेबल कोरडं ठेवून पुसा आणि लगेच टिपून घ्या.

सुईचंही तसंच. ७८ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा सुमारे तिप्पट रुंद. एलपीची सुई तिच्यात तळाला घरंगळते आणि आवाज किरकिरा येतो. उलट चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावली तर जड साउंडबॉक्स आणि पोलादी सुई तिची खाच सोलून काढतात. ७८साठी वेगळी सुई घ्याच. चावीच्या यंत्रावर पोलादी सुई दर बाजूला बदला. तबकड्या उभ्या ठेवा, थप्पी लावू नका. लाखेची आहे का हे वाकवून पाहाल तर मोडेल. वजन आणि लेबलवरचा वेग बघा. गाणं नवं आहे म्हणून ७८ नसेल, असंही समजू नका. आपल्याकडे त्या साठच्या दशकातही निघत होत्या. बीटल्सची गाणीही भारतात ७८वर आली, आणि जगभरचे संग्राहक आज ती शोधतात.

विकत घेताना घाई नको. एकानं मला ‘मुखपृष्ठासकट’ म्हणून विकलेल्या अंकाचं मुखपृष्ठ रंगीत झेरॉक्स निघालं. पिनांची जुनी भोकं मुखपृष्ठावर आणि आतल्या पानांवर जुळतात का, मुखपृष्ठाची आतली बाजू छापील आहे का, कागदाचं वय एकसारखं वाटतं का, एवढं तरी पाहा. बाकी भाव विक्रेत्याच्या उत्साहावर ठरतो, आपल्या नव्हे.

पुन्हा पूर्ववत करता येणार नाही असं काही वस्तूला करायचं नाही, एवढा एक नियम पाळलात तरी पुष्कळ. वाचायला फोनवर वरून फोटो काढा, अंक स्कॅनरवर दाबू नका. आणि मागच्या पुठ्ठ्यावर, अंकावर नव्हे, पेन्सिलीनं लिहून ठेवा: हे काय आहे, कुठून आणलं, रद्दीत का घालायचं नाही. हे घरातल्या एकाला तरी तोंडी सांगा. आपल्यामागे गठ्ठा उचलणार आहे तो तराजूवाल्याच्या आधी घरचाच कुणीतरी.