जखम बांधली, पण धोका टळला का?

बाण लागलेल्या माणसाचा भगवान बुद्धांनी दिलेला दृष्टान्त आपण विहारात अनेकदा ऐकला आहे. बाण मारणारा कोण, कोणत्या जातीचा, त्याचे धनुष्य कसले, ही चौकशी करत बसले तर जखमी मरेल. आधी वैद्याकडून बाण काढून घ्या. आपल्या वस्त्यांतली माणसे हे जाणतात. मनोरीत अपघात झाला आणि मार्वेची बोट बंद असली, तर उत्तन-भाईंदरचा वळसा घालून का होईना, जखमीला दवाखान्यात पोहोचवतात.

चूक होते ती बाण काढल्यानंतर. रक्त थांबले, हाडात रॉड बसला, पेशंट बोलू लागला की आपण म्हणतो, "वाचला!" चौथ्या दिवशी घरी न्यायची घाई सुरू होते, कारण सोबतच्या माणसाचा रोज बुडत असतो. पण नेमके याच दिवसांत जखमीच्या शरीराची जंतूंशी लढण्याची ताकद कमी झालेली असते. ते कसे, हे समजून घेऊ.

काट्याने लावलेला शोध

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. निरोगी मोठ्या माणसाच्या एक मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे थेंबाच्याही लहानशा भागात, त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर काट्याभोवती पेशींचा वेढा पडला होता. जखम झाली की शरीराचे रक्षक तिकडे धावतात आणि जंतूंना गिळतात, हे त्यातून उमगले. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचेच विद्यार्थी हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

मोठ्या मारात काय बिघडते?

काटा टोचला तर ही व्यवस्था चोख चालते. पण मांडीचे हाड मोडले, छाती चेपली किंवा अंग मोठ्या प्रमाणात भाजले, तर सगळेच गडबडते.

चिरडलेल्या पेशी फुटून त्यांच्यातला ऐवज रक्तात मिसळतो. पेशीत ऊर्जा तयार करणारे जे सूक्ष्म भाग असतात, त्यांचा उगम फार प्राचीन काळी जिवाणूंपासून झाला आहे. ते फुटले की शरीराला वाटते, जंतूच घुसले! २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे दाखवले गेले. मग जंतू नसतानाही धोक्याची घंटा वाजते.

वस्तीत एका घराला आग लागली आणि सगळेच गल्लीत धावले, तर काय होते? गल्ली तुंबते, पाणी घेऊन येणाऱ्याला वाट मिळत नाही आणि मागे घरे राखायला कोणी उरत नाही. शरीरातही तसेच होते. हाडांतल्या मगजातून न्यूट्रोफिल नावाच्या पेशी भराभर बाहेर पडतात. त्यांतल्या कित्येक अर्धवट वाढलेल्या असतात. काही फुप्फुसांत जाऊन अडकतात आणि तिथेच नुकसान करतात. खऱ्या जंतूपर्यंत पोहोचून त्याला मारण्याची त्यांची क्षमता मात्र घटते.

दुसरीकडे, जंतूची ओळख पटवून इतरांना सावध करणाऱ्या मोनोसाइट पेशी मंदावतात आणि लिम्फोसाइट पेशींची संख्या घटते. माराच्या ताणाने शरीरात वाढलेली कॉर्टिसोलसारखी संप्रेरकेही त्यात भर घालतात. ही दुर्बलता काही दिवस, कधी काही आठवडेही टिकते. या काळात न्यूमोनिया होऊ शकतो, जखम चिघळू शकते किंवा जंतुसंसर्गाने सेप्सिस होऊन मूत्रपिंड, फुप्फुसे बंद पडू शकतात.

रिपोर्ट बघताना

अपघाताच्या दिवशी पांढऱ्या पेशी १५,००० किंवा त्याहून जास्त निघाल्या तर घाबरू नका. जंतू नसतानाही नुसत्या माराने त्या वाढतात. उलट आकडा वाढला म्हणून "ताकद वाढली" असेही समजू नका. सैनिक पुष्कळ, पण गोंधळलेले! आकडा ४,००० च्या खाली जाणे हेही धोक्याचे असू शकते. म्हणून डॉक्टर रक्त पुन्हा पुन्हा तपासतात. "किती रक्त काढता?" म्हणून भांडू नये.

आपण काय करायचे?

• डॉक्टरांनी सोडल्याशिवाय, सही करून पेशंटला घरी नेऊ नका. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

• वॉर्डात गर्दी नको. पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा. सर्दी-खोकला असलेल्याने घरूनच चौकशी करावी.

• जखमेवर हळद, चुना, तंबाखू, टूथपेस्ट लावू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

• "भात खाल्ला की पू होतो, अंडी-मासे बंद" हा समज सोडा. पांढऱ्या पेशी घडायला प्रथिने लागतात. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर डाळ, अंडी, शेंगदाणे, ताजे मासे द्या. विडी आणि मिश्री बंद करा.

• मधुमेह असल्यास लगेच सांगा. बाबासाहेबांनाही हा आजार होता, त्यात लपवण्यासारखे काही नाही. रक्तात साखर वाढली की पांढऱ्या पेशी आणखी मंदावतात.

• अँटिबायोटिक सांगितलेल्या दिवसांइतकेच घ्या. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका.

घरी आल्यावर ताप किंवा थंडी वाजणे, अंग गार पडणे, श्वास जलद होणे, लघवी कमी होणे, असंबद्ध बोलणे, जखमेला दुर्गंधी येणे, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. मनोरी-गोराईसारख्या खाडीपलीकडच्या वस्त्यांनी रात्रीच्या गाडीची सोय आधीच ठरवून ठेवावी. विहाराच्या फळ्यावर दोन-तीन वाहनचालकांचे नंबर लिहिले तरी एखाद्याचा जीव वाचेल.

बाण काढला म्हणजे अर्धेच काम झाले. पुढचे पंधरा दिवस जखमीची नीट शुश्रूषा करणे, हीही करुणाच आहे.

जय भीम!