छेरछेरा : दानाच्या सणाचे अर्थशास्त्र

१ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आलेल्या छत्तीसगड राज्याची ओळख ‘धानाचा कटोरा’ अशी आहे. या राज्यात पौष पौर्णिमेला छेरछेरा हा सण साजरा होतो. धानाची कापणी व मळणी आटोपलेली असते, नवे धान कोठीत, म्हणजे घरच्या कणगीत, येऊन पडलेले असते. अशा वेळी मुलांचे आणि तरुणांचे जथे टोपल्या व पिशव्या घेऊन दारोदार फिरतात, कोठीतील धान बाहेर काढण्यासाठी हाक देतात आणि प्रत्येक घर त्यांना पसाभर धान देते. रायपूरसारख्या राजधानीच्या शहरातही ही प्रथा टिकून आहे. भूपेश बघेल मुख्यमंत्री असताना (२०१८-२०२३) रायपूरच्या दूधाधारी मठात छेरछेरा मागण्यासाठी जात असत.

सणातील भेटवस्तू, दानधर्म आणि पर्यावरण या विषयांचा एकत्रित विचार करताना हा सण अभ्यासण्याजोगा आहे. तो केवळ लोकसंस्कृतीचा भाग नसून पुनर्वितरणाची एक जुनी व्यवस्था आहे.

मागणाऱ्याचा मान

रतनपूरचा राजा कल्याणसाय मुघल दरबारातून अनेक वर्षांनी परतला तेव्हा राणीने प्रजेला मुक्तहस्ताने दान दिले, त्यातून हा सण सुरू झाला, अशी आख्यायिका सांगितली जाते. याच दिवशी शाकंभरी जयंतीही असते. उगम काहीही असो, या सणाचे प्रमुख वैशिष्ट्य असे की, येथे केवळ गरीबच मागत नाहीत. सधन शेतकऱ्याचा मुलगाही शेजाऱ्याच्या दारात उभा राहतो आणि भूमिहीन मजुराचे घरही आपल्या परीने मूठभर धान देते.

सामान्यतः दानात देणारा वरच्या पायरीवर आणि घेणारा खालच्या पायरीवर असतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दानविषयक निबंधात दाखवून दिले की, भेट ही कधीच पूर्णपणे निरपेक्ष नसते. ती घेणाऱ्यावर परतफेडीचे बंधन टाकते. छेरछेरामध्ये सर्वच जण मागतात आणि सर्वच जण देतात. त्यामुळे ज्याला खरोखरच धानाची गरज आहे, त्याची गरज गर्दीत झाकली जाते. लाभार्थी ठरविण्यासाठी चौकशी नाही, यादी नाही आणि म्हणून लाजही नाही.

भेटवस्तूंतील अपव्यय

भेटवस्तूंच्या अर्थशास्त्रात जोएल वॉल्डफोगेल यांचा १९९३ मधील ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’तील लेख प्रसिद्ध आहे. नाताळच्या भेटींविषयी विद्यार्थ्यांकडून माहिती घेऊन त्यांनी असे अनुमान काढले की, घेणाऱ्याच्या दृष्टीने भेटवस्तूचे मूल्य तिच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी असते. या तुटीला ‘मृतभार हानी’ म्हणतात. देणाऱ्याला घेणाऱ्याची आवडनिवड ठाऊक नसल्याने ती उद्भवते.

धानाच्या बाबतीत ही हानी अत्यल्प राहते. धान खाता येते, साठविता येते आणि विकताही येते. शिवाय ते गावातच पिकते, त्याला वेष्टन लागत नाही आणि दूरची वाहतूकही लागत नाही. याउलट बाजारातील मिठाईच्या खोक्यावरील प्लॅस्टिकचे पातळ आवरण काही मिनिटांत कचऱ्यात जाते. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन (सुधारणा) नियम, २०२१ नुसार १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या ज्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत मिठाईच्या खोक्यांवरील व निमंत्रणपत्रिकांवरील अशा आवरणांचा समावेश आहे, हे परीक्षार्थींनी लक्षात ठेवावे.

सणाच्या पदार्थांबाबतही हेच दिसते. तांदळाचे पीठ आणि गूळ यांपासून तळलेला अइरसा हा महाराष्ट्रातील अनारशाचा जवळचा नातेवाईक होय. फरा आणि चीला हेही तांदळाचेच पदार्थ. धानाच्या स्थानिक वाणांना घरच्या स्वयंपाकात मागणी राहिली, तरच ती शेतात टिकतात. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी या प्रदेशातून गोळा केलेल्या हजारो वाणांचा वारसा आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात जतन केलेला आहे. परंतु वाण पेढीत जपणे वेगळे आणि ताटात जपणे वेगळे.

रामकोठी ते अन्नाचा हक्क

छेरछेरात जमलेले धान सर्वस्वी वैयक्तिक राहतेच असे नाही. काही गावांत ते ‘रामकोठी’ या सामुदायिक कोठारात जमा होते. अडचणीच्या काळात गरजू कुटुंबाला त्यातून धान उसने मिळते आणि पुढील हंगामात ते थोड्या वाढीसह परत करावयाचे असते. एका दिवसाचे दान अशा रीतीने वर्षभराच्या विम्यात रूपांतरित होते. केंद्र सरकारने १९९६-९७ मध्ये आदिवासी भागांसाठी सुरू केलेल्या ग्राम धान्य पेढी योजनेमागेही हेच तत्त्व होते.

त्यापुढील टप्पा कायद्याचा आहे. छत्तीसगडने २०१२ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या (२०१३) एक वर्ष आधी, स्वतःचा अन्न सुरक्षा कायदा केला. सार्वजनिक वितरण व्यवस्थेची व्याप्ती रुंद ठेवल्यास पात्र कुटुंबे वगळली जाण्याचा धोका कमी होतो, हा या राज्याच्या अनुभवाचा बोध मानला जातो. सर्वांना सामावून घेणे हे छेरछेराचे सूत्र येथे धोरणाच्या भाषेत भेटते.

मर्यादा आणि आव्हाने

या प्रथेचा गौरव करताना तिच्या मर्यादा नजरेआड करता येणार नाहीत. पहिली, दान हा हक्क नव्हे. दुष्काळात, जेव्हा गरज सर्वाधिक असते, तेव्हाच कोठी रिकामी असते. दुसरी, धानातून उष्मांक मिळतात, परंतु परिपूर्ण पोषण मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार छत्तीसगडमधील पाच वर्षांखालील ३४.६ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी होती. डाळी, कोदो-कुटकीसारखी भरड धान्ये आणि भाजीपाला यांना सणाच्या दानात स्थान मिळाल्यास ही उणीव काही अंशी भरून निघू शकेल.

तिसरी बाब संधिव्ययाची आहे. २०२४-२५ च्या खरीप हंगामात केंद्राची साधारण धानाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,३०० रुपये होती. राज्याच्या साहाय्यासह शेतकऱ्याला एकरी २१ क्विंटलपर्यंत ३,१०० रुपये दर मिळाला. म्हणजे दहा किलो धान दान करणारे कुटुंब सुमारे ३१० रुपये सोडते. त्या हंगामातील सरकारी खरेदी ३१ जानेवारी २०२५ पर्यंत होती आणि छेरछेरा १३ जानेवारीला आला. मळणीयंत्रापासून थेट खरेदी केंद्रावर जाणाऱ्या धानाला घरच्या कोठीत थांबण्याचे कारण उरत नाही. शेतकऱ्याला रास्त भाव मिळणे इष्टच आहे. मात्र त्याच वेळी दानाचे साधन धानाकडून नाण्यांकडे आणि वेष्टनातील खाऊकडे सरकू लागते.

शासकीय आधारावर उभ्या राहिलेल्या पर्यावरणस्नेही उपक्रमांचा अनुभवही उद्बोधक आहे. २० जुलै २०२० रोजी हरेली सणाला सुरू झालेल्या गोधन न्याय योजनेत शेण किलोला २ रुपये दराने खरेदी केले जाई व महिला बचत गट त्यापासून गांडूळखत आणि दिवाळीच्या पणत्या बनवीत. २०२३ अखेरच्या सत्तांतरानंतर ही योजना पुढे चालू राहिली नाही. छेरछेराला मात्र कोणत्याही अर्थसंकल्पीय तरतुदीची गरज भासली नाही.

समारोप

प्रथा कायद्याची जागा घेऊ शकत नाही आणि कायदा प्रथेतील आपुलकी निर्माण करू शकत नाही. अन्नाची हमी देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही अशा रीतीने देणे हे समाजाचे. कल्याणकारी योजनांची आखणी करताना ‘किती दिले’ याबरोबरच ‘कसे दिले’ हा प्रश्न विचारला पाहिजे, हाच पौष पौर्णिमेच्या या पसाभर धानाचा धडा आहे.

सरावासाठी प्रश्न

१. वस्तुरूप भेटींतील ‘मृतभार हानी’ ही संकल्पना सोदाहरण स्पष्ट करा.
२. सामुदायिक धान्य कोठार आणि अन्न सुरक्षा कायदा ही परस्परपूरक साधने आहेत काय? चर्चा करा.
३. लक्ष्याधारित व सार्वत्रिक कल्याण योजनांची लाभार्थ्याच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने तुलना करा.