मुळांवरील गांठी आणि जंतूंचे वर्ग

नंदुरबार जिल्ह्यांत नवापूरकडील तुरीचें रोप हलक्या हातानें उपटून पाहिल्यास मुळांवर बारीक गांठी आढळतात. हा रोग नव्हे. हवेंतील नत्र पिकास मिळवून देणारे जंतु त्यांत राहतात. बायेरिंक या डच शास्त्रज्ञानें ते १८८८ सालीं प्रथम वेगळे काढले.

जंतूंचे आकारावरून गोल, दंडाकार व मळसूत्री असे भेद करतात. ग्राम यांच्या १८८४ सालच्या रंगपरीक्षेनें आणखी दोन वर्ग पडतात. शेतकऱ्यास मात्र एवढ्यानें भागत नाहीं. द्विदल पिकांच्या गांठींतील हे जंतु सारे दंडाकारच, रंगपरीक्षेंतही एकाच वर्गांतले. तरी सोयाबीनचा जंतु हरभऱ्याच्या मुळांवर गांठी धरीत नाहीं. म्हणून कोणता जंतु कोणत्या पिकावर वसतो, हें पाहून गट पाडले गेले; अलीकडे आनुवंशिक द्रव्य तपासून नांवें ठरवितात. तूर, मूग, चवळी व भुईमूग यांचा गट सामान्यतः एक. हरभऱ्याचा निराळा, सोयाबीनचाही निराळा.

सबब जिवाणू संवर्धनाच्या पाकिटावरील पिकाचें नांव व मुदत वाचल्यावांचून तें घेऊं नये. हरभऱ्यास तुरीचें पाकीट लावल्यास पैसा जातो आणि नत्रही मिळत नाहीं. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन थंड केलेल्या गुळाच्या पाण्यांत कालवून चोळावें, बीं सावलींत सुकवून लागलीच पेरावें. बुरशीनाशक लावणें असल्यास तें अगोदर लावावें.

पीक फुलावर येण्याच्या सुमारास एखादी गांठ कापून पाहावी. आंत तांबूस रंग असल्यास जंतु काम करीत आहेत; पांढरी वा हिरवट गांठ नत्र देत नाहीं.